गार्गीचा दुसरा प्रश्न

ज्ञानाला अधिकार लागतो का, आणि लागत असेल तर तो ठरवणार कोण, हा प्रश्न मला पहिल्यांदा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भेटला. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ड्यूटीवरून आले की रॉकेलच्या बोळ्यानं हाताचं ग्रीस काढायचे, आंघोळ करायचे आणि हरिपाठाला बसायचे. ज्ञानेश्वरीतला अठरावा अध्याय त्यांच्या खास जवळचा. त्याच्या शेवटाकडे ज्ञानदेव वेदाला कृपण म्हणतात. त्याच्याकडे संपत्ती अपार, पण तो लागला तीनच वर्णांच्या कानी. स्त्रिया, शूद्र बाहेरच राहिले. हे उणं फेडण्यासाठी वेदच पुढे गीता होऊन आला, म्हणजे वाटेल त्याला त्याच्याकडे जाता यावं. इथे आले की आप्पा पोथीवर हात ठेवून मला म्हणायचे, "माउलींनी वेदाची चूक दाखवली आणि वेदाकडूनच ती दुरुस्त करून घेतली." फिटरच्या तोंडी ते शोभायचं.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले, ज्युनियर कॉलेजात अनेक वर्षं शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर मुलींसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुली येतात, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतलेल्या काहीजणी येतात. दीपनगरच्या वीज केंद्रात काम करणारी एक इंजिनियर सुट्टी मिळाली की येते, मुली तिला ताई म्हणतात. आम्ही सर्किट जोडतो, गणितं सोडवतो, मीटर वापरायला शिकतो. अशा वर्गांना पैसा लागतो, साधनं लागतात, वेळेवर एसटी लागते, मुलींच्या शौचालयाला कडी लागते. या सगळ्याविषयी ८ मार्चला आणि ११ फेब्रुवारीला भरपूर बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. जगभर संशोधनात असलेल्यांमध्ये बायका आजही तिघांत एक एवढ्याच आहेत. पण मला त्याच्या आधीची गाठ दिसते. मुलगी कितीही हुशार निघाली तरी तिच्या शिकण्याला कुणाची तरी मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीला अट असते. ही गाठ शिष्यवृत्तीनं सुटत नाही. तिची मुळं धर्मविचारात आहेत, म्हणून ती तिथेच जाऊन तपासायला हवी.

आपल्या परंपरेनं या प्रश्नाची दोन उत्तरं दिली आहेत आणि ती एकाच घरात नांदतात. वेदान्तानं ब्रह्मविद्येच्या अधिकाऱ्याची लक्षणं सांगितली: नित्य काय आणि अनित्य काय हे कळणं, भोगाविषयी वैराग्य, शमदमादी सहा गुण, आणि मोक्षाची तळमळ. या चारांत देहाचा कुठे संबंध आला? कुणाच्या पोटी, कुठल्या जातीत, कुठला देह घेऊन जन्म झाला याचा त्यात मागमूस नाही. पण त्याच वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत, पहिल्या अध्यायात, अपशूद्राधिकरण आहे आणि तिथे जन्मावरून दार लावलेलं आहे. बृहदारण्यक उपनिषदात तर याहून टोचणारी गोष्ट सापडते. आपल्याला पंडिता मुलगी व्हावी अशी इच्छा असेल तर आईवडिलांनी तिळाचा भात तूप घालून खावा, असा एक विधी त्यात आहे. विचार करा, मुलगी व्हावी, आणि ती विदुषी व्हावी, यासाठी विधी! पण शंकराचार्य भाष्यात लिहितात की मुलीचं हे पांडित्य घरकामापुरतंच समजायचं, कारण वेदाचा तिला अधिकार नाही. मूळ वचनात ही मर्यादा नाही. आचार्यांविषयी मला नितांत आदर आहे. अद्वैताइतकं धीट तत्त्वज्ञान मला दुसरं ठाऊक नाही. तरी या ठिकाणी त्यांनी उपनिषदाला कृपण केलं असंच मी म्हणेन.

कारण हेच उपनिषद गार्गीचं आहे.

जनकाच्या यज्ञात हजार गाई बांधल्या होत्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं. जो सर्वांत मोठा ब्रह्मज्ञानी असेल त्यानं त्या न्याव्यात. याज्ञवल्क्यानं वाद सुरू होण्याआधीच शिष्याला गाई हाकायला सांगितल्या, आणि मग एकेक जण त्याला प्रश्न विचारायला उठला. गार्गी वाचक्नवी उठली तेव्हा तिनं अगदी साधी सुरुवात केली. हे सगळं पाण्यात आडवंउभं विणलेलं आहे, तर मग पाणी कशात विणलेलं आहे? वायूत. आणि वायू? अंतरिक्षात. अशी ती गंधर्वलोक, सूर्य, चंद्र, नक्षत्रं, देव, इंद्र, प्रजापती करत ब्रह्मलोकापर्यंत गेली. आणि तो कशात? तेव्हा याज्ञवल्क्य म्हणाला, आता पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसली.

बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात, आणि मग तिचा अर्थ दोन टोकांनी लावला जातो. एक म्हणतो, बघा, बाई सभेत बोलत होती, म्हणजे प्राचीन काळी सगळं उत्तम होतं. दुसरा म्हणतो, बघा, शेवटी तिला दटावून खाली बसवलंच. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात, कारण दोघंही पुढचं पान उलटत नाहीत. गार्गी पुन्हा उठते. सभेतल्या ब्राह्मणांना सांगते की मी याला दोन प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं यानं दिली तर तुमच्यातला कुणीही याला जिंकणार नाही. सभा म्हणते, विचार गार्गी. मग ती याज्ञवल्क्याकडे वळून सांगते की काशीचा किंवा विदेहाचा वीर जसा धनुष्याला दोरी चढवून दोन बाण हातात घेऊन उभा राहावा, तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. तोही म्हणतो, विचार गार्गी. द्युलोकाच्या वर, पृथ्वीच्या खाली आणि दोहोंच्या मध्ये जे आहे, झालेलं, असलेलं आणि होणारं, ते सगळं कशात विणलेलं आहे? आकाशात. आणि आकाश कशात? इथे याज्ञवल्क्याला अक्षराविषयी बोलावं लागतं, ज्याच्या शासनात सूर्य-चंद्र धरलेले आहेत, नद्या वाहताहेत. त्या सभेतलं सर्वांत खोल उत्तर त्याच्याकडून काढून घेतलं ते दटावलेल्या बाईनं. आणि निकालही तिनंच दिला: याला नमस्कार करून सुटलात तरी पुष्कळ माना. त्याच सभेत पुढे डोकं खरोखर गळून पडलं ते शाकल्याचं, एका पुरुषाचं. तेव्हा ती धमकी बाईपणाला नव्हती, प्रश्नाच्या एका दिशेला होती.

मला शिक्षक म्हणून यात एक भेद दिसतो आणि माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. प्रश्न अडवणं वेगळं आणि प्रश्न विचारणारीला अडवणं वेगळं. गुरू प्रश्न अडवू शकतो. हा रस्ता पुढे जात नाही, दुसऱ्या बाजूनं ये, असं सांगणं हे त्याचं कामच आहे, आणि गार्गी दुसऱ्या बाजूनं आलीही. पण विचारणारीलाच सभेबाहेर ठेवलं, तर तिच्याबरोबर तिचा दुसरा प्रश्नही बाहेर राहतो, आणि मग सभेला अक्षराविषयी कधी कळतच नाही.

१९३३ साली बंगलोरला नेमकं हेच झालं.

कमला भागवत मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आली होती. तिचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. मराठी वाचकाला ओळख पटायची तर ही दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. तिनं त्याच इन्स्टिट्यूटला अर्ज केला आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, मुलगी आहे म्हणून. ती बंगलोरला जाऊन समोर उभी राहिली, कारण विचारलं, सत्याग्रहाची भाषा केली. मग प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, तोवर ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि तिच्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

या तिसऱ्या अटीशी मी फार वेळा थांबले आहे. पहिल्या दोन अटी कडक आहेत, अन्यायाच्या आहेत, पण त्या निदान तिच्या कामाविषयी आहेत. तिसरी अट दुसऱ्याच्या नजरेविषयी आहे आणि तिचा हिशेब मात्र हिच्याकडून मागितला आहे. कुणाचं लक्ष विचलित झालं तर दोष हिचा. ही अट विज्ञानाची नाही, सोवळ्याची आहे. जे सोवळं माजघरात आणि गाभाऱ्यात पाळलं जात होतं ते इथे टेस्टट्यूबांच्या खोलीत येऊन बसलं होतं. आणि ते आणणारा माणूस साधा नव्हता, प्रकाशाच्या विखुरण्याचं रहस्य उलगडून १९३० साली नोबेल मिळवलेला होता. इतकं मोठं ज्ञान असूनही नजर सम होत नाही, हे मला त्या प्रसंगातलं सर्वांत गंभीर सत्य वाटतं. ज्ञान आपोआप समदर्शन देतं, असं आपण शिक्षक मंडळी गृहीत धरतो. ते खरं नाही. समदर्शनाची साधना वेगळी करावी लागते.

श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांनी कमलाला मन लावून शिकवलं. दूध, कडधान्यं, डाळी यांतल्या प्रथिनांवर तिनं काम केलं, १९३६ साली एम.एस्सी. झाली, केंब्रिजला गेली. तिथे बटाट्याच्या पेशींवर काम करताना तिला सायटोक्रोम सी सापडलं, श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे नेणारं ते प्रथिन. प्राण्यांत ते ठाऊक होतं. वनस्पतींच्या पेशीही त्याच यंत्रणेनं श्वास घेतात हे त्यातून पुढे आलं. १९३९ साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम ४० पानांचा. परत आल्यावर, लग्नानंतर कमला सोहोनी या नावानं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिनं नीरेवर, म्हणजे ताडाच्या ताज्या रसावर, काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात ती उपयोगी पडेल का हे तिला पाहायचं होतं. रामन यांनी नंतर मुलींना घ्यायला सुरुवात केली. ही गोष्ट सांगणारे इथे सुटकेचा श्वास सोडतात. मला तसं करता येत नाही. कमलाबाई पहिल्या वर्षी आजारी पडल्या असत्या, एखादा प्रयोग फसला असता, तर? त्यांच्यामागून येणाऱ्या साऱ्या मुलींचा अधिकार एका विशीतल्या मुलीच्या एका वर्षावर टांगून ठेवला होता. मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. असं ओझं घेऊन कुणालाही अभ्यासाला बसवणं मी अधर्म मानते, हा शब्द मी पूर्ण जाणिवेनं वापरते. आणि दार उघडल्यावरही उंबरे संपले नाहीत. ॲना मणी १९४० साली रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या, हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं, प्रबंध लिहून दिला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणानं त्यांना पीएच.डी. मिळाली नाही. पुढे पुण्याच्या वेधशाळेत हवामान मोजायची उपकरणं देशातच बनवण्याचं काम त्यांनी उभं केलं.

सोवळं म्हटल्यावर मला आमच्या वर्गाचं सांगायला हवं. सुरुवातीला जागा नव्हती. आमच्या वस्तीतल्या विठ्ठल मंदिराचा सभामंडप रविवारी दुपारी रिकामा असतो, तो मागितला आणि मिळालाही. पंखे, दिवे, प्लगपॉइंट, सगळं होतं. काही आठवड्यांनी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेतलं. फार सभ्य माणूस. दुखवायचा हेतू अजिबात नव्हता. म्हणाले, "मॅडम, वर्ग चालू राहू द्या, आमची ना नाही. फक्त ज्यांना अडचण असेल त्या मुलींनी त्या दिवसांत येऊ नये, एवढं तुम्ही त्यांना सांगा."

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. मुलींना तसं सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब केला. महिन्यात चार रविवार, त्यातला एक जाणार. सर्किटचा धडा एका रविवारी सुटला की पुढचा कळत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे गैरहजर राहिलेल्या मुलीचं कारण साऱ्या वर्गाला कळणार. मग ती लाजेनं हळूहळू येणंच बंद करणार. पण हा झाला सोयीचा युक्तिवाद, आणि त्या गृहस्थांनी धर्माचा मुद्दा काढला होता. त्याला धर्मानंच उत्तर द्यायला हवं होतं. मी संध्याकाळी भजनाला गेले आणि मंडळापुढे दोन गोष्टी ठेवल्या. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघते, बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभराहून अधिक चालते आणि पंढरपूरला पोहोचते. त्या दिंड्यांत हजारो बाया असतात. इतक्या दिवसांच्या वाटेत कुठली बाई कुठल्या दिवशी मागे थांबते? कुणी विचारतं? आणि दुसरी गोष्ट सोयराबाईची. चोखोबांची ही बायको, जिला स्वतःलाच लोकांनी विटाळ मानलं, तिनं अभंगातून विचारलं की विटाळ टाळून जन्माला आलेला देह आहे तरी कुठे. ज्या रक्तातून आपण सगळे झालो ते अपवित्र, आणि आपण मात्र पवित्र, हे कसं? तिच्या प्रश्नाला गेल्या सातशे वर्षांत कुणी उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग टाळ घेऊन बसणाऱ्या एका आजींनी विषय मिटवला. त्या अनेक वाऱ्या केलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. म्हणाल्या, "पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे, कुणाच्या अंगाला हात लावत नाही. पोरींना येऊ द्या." त्या ज्येष्ठांनीही मान डोलावली, आणि पुढच्या रविवारी प्लगपॉइंटचा फ्यूज उडाला तेव्हा वायर आणून देणारे तेच होते. माणसं बदलतात, यावर माझा विश्वास अशा गोष्टींनी टिकून आहे. पण त्यांनी बदलावं म्हणून त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच देवासमोर त्यांच्याशी बोलावं लागतं. धर्म हा मुलींच्या शिक्षणाचा शत्रू आहे असं मानून बाजूनं निघून जाणाऱ्यांना मी म्हणेन की तुम्ही फार मोठं बळ वाया घालवता.

मुक्ताई आमच्या जिल्ह्याची, निदान तिची शेवटची खूण इथे तापीकाठी आहे. तिच्याकडे पाहिलं की गुरुपणाविषयीच्या आपल्या सगळ्या समजुती उलट्या होतात. चांगदेव चौदाशे वर्षं योगसाधना केलेला, असं परंपरा सांगते, आणि त्यानं ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, कारण मायना काय लिहावा हेच कळेना. इतकी वर्षं घालवून हा कोराच राहिला, हे ओळखलं ते मुक्ताईनं, आणि पुढे तोच तिचा शिष्य झाला. वयानं ती अजून पोर होती. आणि ज्ञानदेव स्वतः लोकांच्या बोलण्यानं दुखावून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा दाराबाहेर उभी राहून त्यांना समजावणारीही तीच. आज मार्गदर्शक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरून हात देणारा कुणी मोठा माणूस येतो. माझ्या वर्गात ते तसं घडत नाही. मेगर लावून इन्सुलेशन कसं तपासायचं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हातानं करायला मला शिकवलं ते आयटीआयच्या एका मुलीनं. दहावीच्या मुली आठवीच्या मुलींना शिकवतात आणि आठवीच्या मुली इतके मूलभूत प्रश्न विचारतात की दहावीच्या मुलींचं पाठ केलेलं सगळं पुन्हा नव्यानं समजून घ्यावं लागतं.

गुरूचं दुसरंही एक रूप आहे, ते मला एमी नोएथरच्या आयुष्यात दिसतं. अकरावीला मी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवायचे तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारायची की ऊर्जा का टिकते. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नसतं. उत्तर नोएथरनं १९१८ साली दिलं: निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, काळानुसार बदलत नाहीत, आणि या समानतेतूनच ऊर्जेची अक्षय्यता गणितानं निघते. नियम इथे आहेत तेच तिथे आहेत, यातून संवेगाची. भौतिकशास्त्रातल्या इतक्या सुंदर गोष्टी फार थोड्या आहेत. हे सिद्ध करणाऱ्या बाईला त्या वेळी जर्मनीच्या ग्योटिंगेन विद्यापीठात पगार नव्हता, स्वतःच्या नावानं व्याख्यानं जाहीर करायची परवानगी नव्हती. डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावानं व्याख्यान जाहीर व्हायचं आणि शिकवायची ती. तिच्या नेमणुकीला सहकाऱ्यांनी विरोध केला तेव्हा हिल्बर्ट त्यांना म्हणाले असं सांगतात की हे विद्यापीठ आहे, स्नानगृह नव्हे. १९१९ साली तिला अधिकार मिळाला, आणि १९३३ साली नाझींनी ती ज्यू म्हणून तो काढून घेतला. हिल्बर्टनं आपलं नाव दिलं, त्याचा मला आदर वाटतो. तरीही ज्या व्यवस्थेत विदुषीला दुसऱ्याच्या नावाआड उभं राहून शिकवावं लागतं तिचं समर्थन मी करणार नाही. नाव देणाऱ्यानं तिचं नाव दारावर लागेपर्यंत भांडत राहावं. हिल्बर्ट भांडले, हे महत्त्वाचं.

आता आमच्या वर्गातला एक दिवस सांगते. ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब घेतला होता. २३० व्होल्टला त्याचा रोध किती, हे गणितानं काढलं तर साधारण ८८० ओहम येतो. मग बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटर लावला, तर काटा सत्तरच्याही खाली. मुलींना वाटलं मीटर बिघडला. इलेक्ट्रिशियनच्या वर्गातली एक मुलगी, तिच्याविषयी पुढे आणखी सांगणार आहे, म्हणाली की मीटर ठीक आहे, बल्ब थंड आहे. बरोबर, पेटल्यावर तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि रोध वाढतो. मी पुढे जाणार तोच तिनं विचारलं, तापल्यावर रोध का वाढतो? मी म्हटलं, अणू जास्त हलतात, इलेक्ट्रॉनांची वाट अडते. मग अणू अजिबात हललेच नाहीत, तर तार अडवणारच नाही का?

मी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. हा प्रश्न १९२८ साली फेलिक्स ब्लॉखनं सोडवला आणि उत्तर तिनं म्हटलं तेच आहे: अणूंची रांग अगदी नीट, अगदी स्थिर असेल तर इलेक्ट्रॉन लाटेसारखा अडथळ्याविना पुढे जातो. का, हे समजावून सांगायला जे गणित लागतं ते मी एम.एस्सी.ला केलं होतं, पण ते आयटीआयच्या मुलीला कळेल असं सांगणं मला जमेना. मी तिला तसं सांगितलं. माझी हद्द इथे संपते, पुढे दुसऱ्याकडे जायचं. जळगावच्या विद्यापीठात माझे ओळखीचे प्राध्यापक आहेत, त्यांना पत्र लिहून दिलं. ती गेली, त्यांनी तिला बसवून घेतलं, फळ्यावर लाटा काढल्या. परत आली ती नवा प्रश्न घेऊन.

धर्माच्या नावानं दारं लागण्याची गोष्ट आपल्यापुरती नाही. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळा बंद आहेत, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही. हे धर्माच्या नावानं केलं जातं. पण त्याच महिन्यात कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी ही बंदी शरियतच्या विरुद्ध आहे असं जाहीरपणे सांगितलं. विद्या मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, ही हदीस आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मला पहिल्याच भेटीत सांगून गेले होते, नातीला स्वतः सोडायला आले होते तेव्हा. अफगाणिस्तानच्या शेजारच्या इराणात, तेहरानच्या मुलींच्या शाळेत मरियम मिर्झाखानी आणि तिच्या मैत्रिणीनं ऑलिंपियाडचे प्रश्न मिळवले आणि मुख्याध्यापिकेकडे जाऊन सांगितलं की मुलांच्या शाळेत असतात तसे प्रश्न सोडवण्याचे तास आम्हालाही हवेत. इराणच्या संघात तोवर मुलगी गेलेली नव्हती. मुख्याध्यापिकेनं तास सुरू केले. अट घातली नाही, आधी सिद्ध कर म्हणाली नाही. १९९४ साली मरियमला सुवर्णपदक, २०१४ साली फील्ड्स पदक, ते मिळवणारी पहिली स्त्री. २०१७ साली कर्करोगानं ती गेली.

एक शंका उरते आणि ती टाळणं बरं नाही. मुलगी शिकली की कुटुंब शिकतं, देश पुढे जातो, असं आपण सतत म्हणतो. यात मुलगी साधन होते. तिचं शिकणं दुसऱ्या कुणासाठी तरी. मैत्रेयीला याज्ञवल्क्यानं संपत्तीची वाटणी देऊ केली तेव्हा तिनं विचारलं की धनानं भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी त्यानं अमर होईन का; होणार नसेन तर ते घेऊन मी काय करू, तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा. ज्ञान तिला स्वतःसाठी हवं होतं. मी मुलींना हेच सांगते की प्रकाश का वाकतो हे तुला कळावं, एवढं कारण पुरेसं आहे. पण मैत्रेयीपुढे नाकारायला संपत्ती होती. माझ्या बल्बवाल्या मुलीच्या घरी ती नाही. वडील केळीच्या गाडीवर हमाली करतात. तिला आधी पगार हवा, आणि पगार हवा असणं ही काही कमी दर्जाची मुमुक्षा नव्हे. वैराग्याची लक्षणं लिहिणाऱ्यांनी भुकेचा विचार कमी केला, असं मला वाटतं.

ती सध्या अप्रेंटिस आहे. स्टायपेंड येतो, त्यातला मोठा भाग घरी जातो. आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तो तिला घ्यायचा आहे. वडील माळकरी, मुलीवर जीव आहे. ते म्हणाले, फी भरतो, पण डिप्लोमा झाला की लगेच लग्न, पुढे शिकायचं नाव काढायचं नाही. ती माझ्याकडे विचारायला आली की अशी अट मान्य करावी का. कमलाबाईंनी केली होती, हे तिला मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, प्रवेश घे. अट चुकीची आहे हे मी तुझ्या वडिलांना येऊन सांगते. तिनं नको म्हटलं. घरी जाऊन तिनंच त्यांना विचारलं की दादाला डिप्लोमाला घातलं तेव्हा तुम्ही त्याला कुठली अट घातली होती.

त्या रात्री वडील काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी फी भरली. अटीचा विषय अजून निघालेला नाही. निघेल तेव्हा त्यांना तो तिच्याशीच बोलावा लागेल, आणि ती पुन्हा विचारेल.